गाऱ्हाण्यात घेतलेलं नाव

"जमीन कोणाच्या नावावर आहे, बाई?" फौजदार खरमाटेने तिसऱ्यांदा विचारलं. सातबारा त्याच्याच मांडीवर होता, म्हणजे उत्तर त्याला ठाऊक होतं.

"लेकीच्या. ॲश्लिन लोबो," इनासबाय म्हणाली. "पण तिचा ह्यात काही संबंध नाही."

इनासबाय म्हणजे इनासिया लोबो. मसुऱ्याच्या खाडीकाठच्या ह्या व्हाळवाडीत चौतीस वर्षं शाळेत शिकवून निवृत्त झालेली. सरकारी माणूस समोर आला की तिची मालवणी आपोआप आतल्या खोलीत जाऊन बसायची आणि पुस्तकातली मराठी बाहेर यायची. फौजदारासाठी केलेला चहा तिच्या हातात तसाच होता. तो घेईना, आणि तिला ठेवायचं सुचेना.

परसात दोन शिपाई तीन झाडं मुळासकट उपटून टेपने मोजत होते. एक सात फूट, एक साडेसहा, आणि एक जरा खुजं. मार्गशीर्षातला रविवार, सकाळचं ऊन कोवळं, आणि तुऱ्यांचा वास पार पुढच्या बल्कावापर्यंत, त्या दगडी बैठकीपर्यंत येत होता. वाडीतल्या शेंबड्या पोरालाही तो वास ओळखीचा. वर्षातून एकदाच यायचा, राखणीच्या, म्हणजे राखणदाराच्या पूजेच्या दिवशी. आणि राखण आजच होती.

प्रकरण सरळ होतं, आणि सरळ होतं म्हणूनच भयंकर होतं. गांजाचं झाड लावणं म्हणजे दहा वर्षांपर्यंत कैद. झाडं मिळाली ते परस ॲश्लिनच्या नावावर, कारण नवरा वारल्यावर इनासबायनेच तलाठ्याकडे खेटे घालून ते हौसेने तिच्या नावावर केलं होतं. ॲश्लिन नर्स. आयर्लंडच्या इस्पितळाचं पत्र आलेलं, सोळा तारखेचं तिकीट काढलेलं. पोलिसांचा चारित्र्याचा दाखला तेवढा यायचा राहिला होता. आता दाखला कसला? ज्या ठाण्यातून तो यायचा, तिथलाच फौजदार बल्कावावर बसून पेनाचं टोपण काढत होता.

आता ख्रिस्ती बाईच्या परसात हे झाड आलं कुठून, ते सांगायला हवं. नाहीतर बाहेरचा माणूस म्हणेल, बघा, मास्तरीण होती आणि धंदे कसले करायची.

लोबोंचे पूर्वज कधीकाळी गोव्यातल्या बारदेशातून बिऱ्हाड पाठीवर टाकून इकडे आले. त्यांना जमीन मिळाली ती राखणदारासकट. परसाच्या टोकाला सातविणीखाली त्याचा दगड. तो जागेचा धनी, वाटेवरच्या माणसाला सांभाळणारा, रात्री काठी आपटत हद्दीवरून फिरणारा. माणसं देव बदलतील, पण राखणदार कसा बदलणार? तो जागेचा, माणसांचा नव्हे. वर्षातून एकदा गावाने त्याला कोंबडा, रोट आणि माडाची दारू द्यायची, आणि लोबोंच्या घराने चिलीम. चिलमीत विकतचं घालायचं नाही, त्याच परसातलं हवं. मग ज्येष्ठात तीन बिया पेरायच्या, त्याच्यापुरत्या. उरलेलं राखणीनंतर तिथल्या तिथे जाळायचं, आणि बी तेवढं मिठाच्या बरणीत ठेवायचं. ह्या घरात ते कधी कोणी ओढलं नाही. इनासबायचा नवरा तर साधी विडी ओढायचा नाही.

सासरा आर्थर जुन्या गोष्टी सांगायचा. त्याच्या लहानपणी मालवणच्या बाजारात मक्त्याचं दुकान होतं. सरकारच लिलाव करायचं, सरकारच कर घ्यायचं, आणि पुडी मिळायची राजरोस. बैलाचं पोट फुगलं की पुडी, म्हातारीचे गुडघे धरले की पुडी, बैरागी तर रोजचंच गिऱ्हाईक. मग स्वराज्य आलं, त्याच्यामागून बंदी आली आणि दुकानाला कुलूप लागलं. आर्थरने अर्ज करकरून औषधापुरता एक परवाना मिळवला आणि काच लावून येशूच्या तसबिरीशेजारी टांगला. पंच्याऐंशी साली दिल्लीचा कायदा आला. पान आणि बी त्यातून सुटलं, तुरा आणि झाड अडकलं. हे व्हाळवाडीला सांगायला कोण येणार होतं? शहरातले शेठ होळीला भांग घोटतात आणि पेपरात फोटो देतात. त्यांची ती परंपरा. आमच्या दगडापुढे एक चिलीम ठेवली की तो गुन्हा. असो. कायदा तो कायदा.

तो परवानाही सकाळी इनासबायने भिंतीवरून काढून आणला होता, काचेवरची धूळ पदराने पुसून. खरमाटेने तो नीट वाचला. पोरगेला माणूस, सांगलीकडचा, बोलायला मऊ. "बाई, हा तुमच्या सासऱ्यांच्या नावाचा आहे. आणि ज्या राज्याने दिला ते मुंबई राज्यच आता राहिलं नाही." त्याने फ्रेम दोन्ही हातांनी परत दिली. माणूस वाईट असता तर चार शब्द तरी सुनावता आले असते.

त्याला तरी खबर कुठून लागली? वाडीतल्या दत्तारामचा पुतण्या सर्वेश, त्याने गेल्या वर्षीच्या राखणीचा व्हिडिओ करून मोबाईलवर टाकला होता, चिलीम पेटवण्यासकट. चाळीस हजार लोकांनी बघितला म्हणून वर्षभर मिरवत होता. त्या चाळीस हजारांत एक ठाण्यातला निघाला.

"साहेब, झाडं मी लावते," इनासबाय म्हणाली. "बी माझ्या बरणीत आहे. चला, दाखवते."

खरमाटे काही बोलायच्या आत दारातून आवाज आला. "आई खोटं सांगतेय. झाडं मी लावली."

ॲश्लिन उंबऱ्यात उभी होती. केस नुसते बांधलेले, डोळे लाल. जूनपासून ती घरीच होती, परीक्षेचा अभ्यास करत. म्हणजे तिने लावली असती तर वेळही जुळत होता.

"ॲश्लिन, गप रव," इनासबाय मालवणीत ओरडली.

"तुका अडुसष्ट वर्सां झाली, मम्मी. गुडघ्याचा ऑपरेशन झालेला आसा. तू तुरुंगात रवतलंस?"

काय म्हणावं ह्या पोरीला? आईला वाचवायला निघाली होती आणि स्वतःच्याच गळ्यात फास घालून घेत होती. इनासबायला एक थोबाडीत द्यावीशी वाटली आणि पोटाशीही धरावंसं वाटलं, पण हातात चहा होता.

खरमाटेने पेन खाली ठेवलं. "दोघी म्हणता मी. आई लेकीसाठी म्हणते, लेक आईसाठी. मग मला कागदच खरा मानावा लागतो, आणि कागदावर ह्यांचं नाव आहे." तो इनासबायकडे वळला. "बाई, मलाही हौस नाही. वाडीतल्या एका माणसाने साक्ष द्यावी की झाडं तुम्ही लावता, ह्यांचा हात नाही. मी तुमचं नाव लिहितो आणि ह्यांना बाजूला ठेवतो. एक माणूस पुरे."

एक माणूस. अख्खी वाडी तर कुंपणाशी जमली होती.

पहिला पुढे आला महादू, गावचा पोलीस पाटील. त्याने टोपी काढली आणि जमिनीकडे बघत म्हणाला, "माका काय म्हायत नाय, सायब." शेजारची मेल्विना म्हणाली, "मी त्यांच्या परसात कधी गेलंयच नाय." दर शुक्रवारी लिंबं काढायला तीच जाते. काशीबाईने तर कमाल केली. तीन झाडं पायाशी आडवी पडलेली असताना विचारते, "झाड? खंयचा झाड?"

इनासबाय एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिली. ह्यातल्या निम्म्यांना तिने पाढे शिकवले होते. खोटं बोललात तर पट्टी खाल, म्हणून सांगितलं होतं. आणि आज सगळे तिच्याच मायेपोटी धडधडीत खोटं बोलत होते. वाडीचा हा जुना कायदा, दिल्लीच्या कायद्याहून जुना: सरकारी माणसापुढे आपल्या माणसाचं नाव घ्यायचं नाही. बाईंना वाचवतोय ह्याच खुशीत होते सगळे. लेकीचा गळा कापला जातोय, हे एकाच्याही टाळक्यात शिरत नव्हतं. तिने सांगून बघितलं, "अरे, खरा सांगा, माजी शपथ आसा," तर मेल्विना डोळे पुसत म्हणाली, "घाबरू नकां, बाय, आमी कोणच सांगूचव नाय."

महादूने हात जोडले. "सायब, कोंबडो, रोट, सगळा मांडून झाला. राखण तेवढी होवंदे. मागे ठेवली तर वाडयेक बरा नाय."

खरमाटेने घड्याळ बघितलं. साडेदहा. "अर्धा तास. त्यानंतर ॲश्लिन मॅडम माझ्यासोबत येतील."

ते ऐकताच इनासबायने चहाचा कप बल्कावावर ठेवला आणि दुखरा गुडघा ओढत सातविणीकडे निघाली. एक शिपाई चार पावलं अंतर ठेवून तिच्यामागे आला.

दत्ताराम दगडापुढे केळीच्या पानावर रोट मांडत होता. हा गावकर. गावाच्या वतीने देवापुढे गाऱ्हाणं घालायचा मान त्याच्या घराण्याचा. इनासबाय सासरी आली तेव्हापासूनची दोघांची ओळख. चार दिवस बोलणं झालं नाही तर दोघांनाही करमत नाही. आज मात्र त्याने मान वर केली नाही.

"दत्तू, सायबाक सांग. झाडां मी लावतंय म्हणान सांग."

"आणि तुका जीपीत घालून न्हेताना बघत रवू? माजी जीभ झडात."

"नाय सांगलंस तर ॲश्लिनीक न्हेतत."

"न्हेतत खंय? पुरावो काय आसा तेंच्याकडे?"

"सातबारो आसा रे. तिच्या नावाचो. मीच केलंय तिच्या नावावर."

दत्तारामचा हात क्षणभर थांबला, मग परत रोट सारखे करायला लागला. "वकील बघूया. सावंतवाडेक माझ्या वळखीचो आसा."

"वकील येयसर दाखलो गेलो, तिकीट गेला, नोकरी गेली. तेच्यानंतर सुटली तरी कोण घेतलो तिका?"

"बाये, मी सरकारापुढे तुज्याविरुद्ध बोलूचंय नाय," दत्ताराम म्हणाला. आवाज बारीक झाला होता, पण म्हातारा हलणारा नव्हता. "माज्या बापाशीनसुद्धा कधी कोणावर साक्ष दिल्यान नाय. माका तां जमाचा नाय. दुसरा काय असात तां सांग."

 इनासबायने दगडाकडे बघितलं. शेंदूर नाही, डोळे नाहीत, नुसता काळा दगड. इतकी वर्षं ती ह्याला चिलीम देत होती आणि दरवर्षी नंतर चर्चमध्ये जाऊन पाद्रीसमोर कुमसार करून ते पाप म्हणून सांगत होती. पाद्री तीन तेर्स, म्हणजे जपमाळेच्या प्रार्थना, म्हणायला लावायचा आणि म्हणायचा, उभी राहिलीस तर राहा, पण त्यांच्यासोबत तोंड उघडू नकोस. तिने ते पाळलं होतं. राखणीला हात जोडून कडेला उभी राहायची, ओठ मिटून.

"बरा," ती म्हणाली. "सायबाक सांगू नको. तेका सांग." तिने दगडाकडे बोट केलं.

दत्तारामने आता मान वर केली.

"गाऱ्हाण्यात सगळ्यांची नावां घेतंस. कोंबडो कोणाचो, रोट कोणाचो. चिलमीक काय म्हणतंस?"

"लोबोंच्या घराची चिलीम. आज्यापासून तसाच म्हणतत."

"आज घराचा नाव घेव नको. माजा घे. बी कोण पेरता, पाणी कोण घालता, सगळा सांग. ॲश्लिनीचो हात नाय, तां पण सांग."

"तो फौजदार हयसरच उभो रवतलो गो."

"म्हणानच सांगतंय."

दत्ताराम खालीच बसला. "गाऱ्हाण्यात खोटा बोलाक येणा नाय," तो स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला.

"खोटा बोल म्हणतंय काय मी? जेष्ठात बी कोण पेरता?"

"तू."

"मग?"

"माका कसल्या पापात घालतंस गो, इनास." त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि त्याने ते पुसलंही नाही.

"सोळा तारखेचा तिकीट आसा पोरीचा, दत्तू," ती म्हणाली. 

शिपायाला मालवणी कळत नसावी. तो दगडापुढच्या बाटलीकडे बघत होता.

गावकर उभा राहिला तशी पन्नासेक माणसं सातविणीखाली गोळा झाली. पुरुषांनी टोप्या काढल्या. खरमाटेनेही हद्दीपाशी बूट काढले आणि कागद काखेत धरून मोजे घातलेल्या पायांनी कडेला उभा राहिला. त्याच्या शेजारी ॲश्लिन, आणि तिच्या पलीकडे शिपाई.

ज्याने गाऱ्हाणं ऐकलेलं नाही त्याला एवढं सांगायला हवं. गावकर एक वाक्य बोलतो आणि सगळी माणसं एका आवाजात 'व्हय म्हाराजा' म्हणतात. ते म्हटल्याशिवाय वाक्य पुरं होत नाही, देवापाशी पोचत नाही, आणि कोंबड्यावर सुरी चालत नाही. जे खरं नाही त्याला इथे 'व्हय' म्हणत नाहीत. कचेरीत बोला हवं ते.

"बा राखणदारा म्हाराजा," दत्तारामने सुरुवात केली, "सालाबादपरमाणा तुजी लेकरा आज तुज्या पायाकडे इलीसत."

"व्हय म्हाराजा."

"सुगंधाच्या घरचो कोंबडो आसा, काशीबायच्या घरचो रोट आसा, तो गोड मानून घे."

"व्हय म्हाराजा."

"दर्यार गेलेल्याक, परदेशाक गेलेल्याक सुखरूप घराक हाड. वाटेर कोण आडो इलो तर तेका बाजूक कर."

"व्हय म्हाराजा."

"आणि चिलीम, म्हाराजा."

दत्ताराम थांबला.  म्हाताऱ्याची मान खाली गेली, आणि इनासबायला वाटलं, झालं, हा कच खातो. मग तो बोलायला लागला, मघापेक्षा मोठ्याने.

"चिलीम यंदा तुका मिळाची नाय. तुजी झाडां आज सरकारान उपटून घेतली. ती झाडां आर्थर लोबोची सून, आमची इनासबाय, दर वर्सा जेष्ठात आपल्या हातान पेरता. बी तीच राखता, पाणी तीच घालता. दुसऱ्या कोणाचो हात तेका लागना नाय. तिच्या चेडवाचोसुद्धा लागलेलो नाय. ह्या खरा आसा म्हणान तुज्यापुढे सांगतंय. काय चूक झाली आसात तर ती पदरात घे आणि तिका सांभाळ."

कोणी 'व्हय' म्हणालं नाही.

 महादू टोपी चुरगाळत होता. मेल्विनाने तोंडावर हात घेतला होता. सगळ्यांना आता कळलं होतं, फौजदार कशासाठी उभा आहे आणि आपल्या एका शब्दाने काय होणार आहे. 'व्हय' म्हणावं तर बाई जातात. गप्प बसावं तर देवापुढे खऱ्याला खोटं केल्यासारखं होतं, आणि त्या दगडापुढे खोटं पडायची छाती तिथे कोणाचीही नव्हती. सुगंधाच्या काखेतला कोंबडा तेवढा फडफडला.

दत्तारामने परत विचारलं नाही. गावकर तेच वाक्य दोनदा सांगत नाही.

खरमाटेने काखेतला कागद हातात घेतला. इनासबायने ते बघितलं. मग तिने जोडलेले हात तसेच ठेवले, छाती भरून श्वास घेतला, आणि शाळेत मागच्या बाकापर्यंत जायचा त्या आवाजात म्हणाली, "व्हय म्हाराजा."

त्रेचाळीस वर्षांत पहिल्यांदा. पन्नास माना तिच्याकडे वळल्या. मग महादूचा घोगरा आवाज आला, "व्हय म्हाराजा." मग काशीबाई. मग मेल्विना, रडत. मग सगळे, मागेपुढे, एका आवाजात नाही, ज्याला जसं जमलं तसं.

एकटी ॲश्लिन गप्प होती. खरमाटे तिच्याकडे बघत होता, आणि इनासबायला कळलं की तो अजून थांबला आहे. सकाळी उंबऱ्यात पोरगी जे बोलली होती ते अजून तसंच उभं होतं. इनासबायने तिच्याकडे बघितलं. डोळे मोठे केले, लहानपणी तेर्साला बसवताना करायची तसे. ॲश्लिनने मान हलवली, नाही म्हणून. इनासबाय बघतच राहिली.

"व्हय म्हाराजा," ॲश्लिन म्हणाली, आणि तिथेच मातीत बसली.

दत्तारामने कोंबडा घेतला.

पुढचं लवकर आटपलं. खरमाटेने महादूला बाजूला घेतलं. "पाटील, आत्ता काय म्हणालात?"

"मी देवाक सांगलंय, सायब."

"मला तेवढंच लिहायचं आहे. सही कराल?"

महादूने दगडाकडे एकदा बघितलं आणि सही केली. त्याच्यामागून मेल्विनाने केली, काशीबाईने अंगठा दिला. खरमाटेने ॲश्लिनचं नाव खोडलं आणि वर दुसरं लिहिलं. "दाखल्याचं मी बघतो," तो इनासबायला हळूच म्हणाला. मग म्हणाला, "बाई, चपला घाला."

जीपीत बसताना तिला गुडघा वाकवता येईना. शिपायाने हात दिला. ॲश्लिन गोळ्यांची डबी आणि स्वेटर घेऊन धावत आली.  इनासबाय म्हणाली, "सोळा तारखेक मी नसलंय तरी जायचा. गाडी आदल्या दिसाक सांगून ठेव. रडान काय होणा नाय."

जीप सुरू झाली तेव्हा दत्ताराम केळीच्या पानात काहीतरी गुंडाळून आला. राखणीतला पहिला वाटा जागेच्या घराचा, असा नियम. दरवर्षी तो आणून द्यायचा आणि इनासबाय घ्यायची. पाद्रीच्या भीतीने ती तो कधी खायची नाही, कुंपणापलीकडे काशीबाईच्या पोरांना वाटायची. दत्तारामला ते ठाऊक होतं, पण त्याने कधी विचारलं नव्हतं.

त्याने पान खिडकीतून आत दिलं. 

व्हाळावरचा साकव, तो लहानसा पूल, ओलांडून जीप डांबरी रस्त्याला लागली. इनासबायने मांडीवरचं पान उघडलं. रोट अजून कोमट होता. तिने त्याचा तुकडा मोडला, शेजारच्या शिपायाला "घेता काय?" म्हणून विचारलं. तो नको म्हणाला. मग तिने तो सगळा खाल्ला, आणि हाताला लागलेले कणही.